हातभर आखूड पडदा

चिआंग माईतल्या त्या कॅफेच्या दारात चपला बाहेर काढायची पाटी होती. अक्षरं थाई, आपल्याला काय कळतंय, पण खाली चपलेचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती, त्यामुळे कळलं नाही असं सोंग घ्यायचीही सोय नव्हती. माझ्या मैत्रिणीनं, मंगलनं, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मी पायरीशी तशीच उभी.

"काय करून राहिलीस? काढ की."

"काढते गं, घाई काय आहे?"

"चोरीला जात न्हाईत. हे काय आपल्याकडचं लग्न हाय का!"

चोरीची भीती नव्हतीच. पायरीवर चपलांची ओळ लागली होती, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. त्या ओळीत आपली चप्पल सोडायची आणि आत जाऊन निवांत बसायचं, हे मला या वयातही जमत नाही. माझ्या घरी चपलांचं कपाट दाराच्या आत आहे आणि त्या कपाटालाही दार आहे. लोक हसतात. हसू देत. शेवटी मी चपला काढल्या, पायानंच भिंतीकडच्या कोपऱ्यात सरकवल्या, वर मंगलचे बूट आडवे लावले आणि आत गेले.

आत गेले आणि दारातच उभी राहून सगळीकडं बघून घेतलं. खांबांवर उचललेलं जुनं सागवानी घर. भिंती म्हणाव्यात अशा नव्हत्याच. तिन्ही बाजूंना लाकडी झडपा, त्या बाहेर ढकलून काठ्यांनी टेकवून ठेवलेल्या. जमिनीवर चटया, बैठी मेजं, टेकायला त्रिकोणी तक्के. खाली अंगणात रांजणांत कमळं लावलेली. दिवा एकच, तोही बांबूच्या टोपलीत. कुणीतरी खूप विचार करून सगळं ठेवलेलं होतं आणि मग तो विचार दिसू नये याचीही काळजी घेतलेली होती. माझा धंदाच हा, त्यामुळे मला ते लगेच कळलं. लातूर-नांदेडातली हॉटेलं, कॅफे, खानावळी आतून कशा मांडायच्या ते मी ठरवते, आणि चांगलं ठरवते. चिआंग माईला आले होते ते इथले कॅफे बघायला. पाच दिवसांत अकरा, अशी यादीच करून आणली होती. मंगल नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. "काफी प्यायला इमानात बसायचं, असलं येडेपण आमच्या खानदानात कुणी केलं न्हाई," असं महिनाभर म्हणत होती आणि बॅग माझ्या आधी तिचीच भरून तयार होती.

कोपऱ्यातल्या मेजाशी एक मुलगी एकटीच बसली होती. सतरा-अठराची असेल. समोर वह्या पसरलेल्या, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. काहीतरी पाठ करत होती. गाव कुठलंही असो, पाठ करणाऱ्या पोरीचे ओठ सारखेच हलतात. आणि बाहेरून वास येत होता जळक्या रानाचा. त्या दिवसांत तिकडं शेतातलं वाळकं जाळतात, डोंगर नुसते धुरकट दिसतात. आमच्या मुरुडला तुरीची धसकटं जाळली की अगदी हाच वास गावभर फिरतो, आणि तो आला की समजायचं, उन्हाळा लागला.

"चाचाचं हाटेल," मी म्हणाले.

"हाव," मंगल म्हणाली. "मी बी तेच म्हनत होते मनात."

इतक्या वर्षांत आम्ही त्या जागेबद्दल फारसं बोललो नव्हतो. तरी दोघींनाही तेच आठवलं आणि एकदमच आठवलं.

त्या उन्हाळ्याला आमच्याकडं वेगळं नाव नाही. भूकंपानंतरचा पहिला उन्हाळा, एवढं म्हटलं की पुरतं. जमीन अजून पुरती शांत झाली नव्हती. अधूनमधून हलायची, आणि हलली नाही तरी आम्हाला हलल्यासारखी वाटायची. घराघरांत कोपऱ्यात पेल्यांवर पेले उपडे रचून ठेवलेले, खणखणले की बाहेर पळायचं. कुणाच्याही घरी गेलं की आधी दार कुठं आहे ते बघायचं आणि मग बसायचं. दगडी भिंतीला कुणी पाठ टेकायचं नाही, स्लॅबखाली कुणी जास्त वेळ थांबायचं नाही. आम्ही अंगणात जेवायचो, अंगणात झोपायचो, आणि घर नावाची वस्तू सामान ठेवायला वापरायचो.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात लातुरात शिकवण्यांना पोरांचा नुसता पूर आला. ट्यूशन एरिया हे नाव अजून पडायचं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये व्हेकेशन बॅच चालायची, कारण स्लॅबखाली बसायला आईबाप पोरं पाठवायला तयार नव्हते. धर्माबादपासून जळकोटपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती. केमिस्ट्रीचे सर दाराला वीट लावून शिकवायचे. ते फळ्यावर लिहायचे आणि आख्खी बॅच एक डोळा फळ्यावर आणि एक डोळा पंख्यावर ठेवून बसायची, दांडी हलली तर पळायला बरं म्हणून. घरं पडलेली बघून लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की पोरांना शिकवून ठेवावं, ते तरी पडायचं नाही. हे बोलून कुणी दाखवलं नाही, पण आमचे अण्णा तेवढ्यासाठीच तयार झाले हे मला माहीत आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. मुरुडच्या अडतीवर मापाडी. धान्याची मापं करायचे आणि पोत्यांची तोंडं शिवायचे. बोलायचे कमी, पण बोलले की संपलं. थोरल्या ताईला कुणीतरी बाजारात रसवंतीवर चार पोरांच्या शेजारी उसाचा रस पिताना बघितलं आणि अण्णांना येऊन सांगितलं. ताईची शाळा नववीत थांबली. ताई रडली, आई रडली, मी तर चुलीमागं बसून रडले, पण शब्द काही फिरला नाही. त्यामुळे मला लातूरला पाठवायचं ठरलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी कान टवकारून ऐकलं.

"सकाळच्या गाडीनं जायचं, सांजच्या गाडीनं यायचं. मधी कुटं फिरायचं न्हाई. अन् हाटेलात बसलेली कुनाला दिसलीस, तर दुसऱ्या दिशी घरी. मग माझ्याम्होरं रडायचं न्हाई."

मी मान डोलावली. डोलावताना माझ्या लक्षातच आलं नाही की केमिस्ट्री अकराला सुटते आणि फिजिक्स तीनला बसतं.

अकरा ते तीन. एप्रिल-मे महिन्यातलं लातूर. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पोरं सुटली की थेट चहाच्या हॉटेलात घुसायची, बाकड्यावर पाय वर घेऊन बसायची, गप्पा ठोकायची. आम्ही पोरी कुठं जाणार? देवळात गेलो तर पुजारी दुपारचं दार लावायचा. एसटी स्टँडवर बसलो तर कुणीतरी येऊन, काय पोरींनो, कुठल्या गावच्या, कुणाच्या, असं सुरू करायचं. एकदा एका बंगल्याच्या कंपाउंडला टेकून डबा खाल्ला तर मालकिणीनं वरून बादलीभर पाणी ओतलं. झाडांना ओतलं म्हणाली. झाड कुठं होतं तिथं? मंगल जळकोटची, तिनं आणखी तिघींबरोबर खोली घेतलेली, पण त्या खोलीचा पत्रा दुपारी असा तापायचा की तिथं पापड भाजून निघाले असते. म्हणून तीही आमच्यातच. आम्ही सात-आठ जणी क्लासच्या भिंतीच्या सावलीत उभ्या राहायचो, आणि सावली सरकेल तशा सरकत राहायचो.

समोर हमीदचाचांचं हॉटेल होतं. त्या काळी आमच्याकडच्या हॉटेलांत मागच्या बाजूला फॅमिली रूम असायची. बायामाणसं आली की तिकडं धाडायची. प्लायवूडचे खण, खणाखणाला हिरवा पडदा, खिडकी नाही, आणि ये-जा करायला दार एकच. चाचांनी भूकंपाच्या आदल्या वर्षी हौसेनं ती बांधून घेतली होती. आता तिच्यात कुत्रंसुद्धा शिरत नव्हतं. गिऱ्हाईक चहा घेऊन थेट रस्त्यावर येऊन प्यायचं. चाचांनी मग बाकडी कडुलिंबाच्या झाडाखाली आणली, शेगडी बाहेर आणली आणि हॉटेल उघड्यावरच सुरू केलं. फॅमिली रूम मात्र तशीच बंद.

चाचांच्या बायकोला सगळे जैबुनखाला म्हणायचे. हॉटेलच्या बाजूच्या पत्र्याखाली तिचं शिलाई मशीन होतं. ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवायची आणि शिवता शिवता रस्ता बघत राहायची. तिनं आम्हाला चार-पाच दिवस सरकताना बघितलं. सहाव्या दिवशी मशीन थांबवून ओरडली, "ए पोरींनो, धूप में कायकू वाळत घातल्यासारख्या हुभ्या? आव, अंदर आव."

"अंदर नको खाला," मी म्हणाले. फॅमिली रूमच्या त्या एका दाराकडं बघून कुणाचीच हिंमत होत नव्हती. आणि मला तर भूकंपापेक्षा अण्णांची भीती जास्त होती.

"अंदर नक्को?" खालानं कमरेवर हात ठेवले. "तो अंदर को बाहर लाती मैं."

आणि आणलं की! चाचांना कामाला लावून झाडाच्या पलीकडच्या अंगाला चार बांबू रोवून घेतले. वर गोणपाटं जोडून छत. फॅमिली रूमचे हिरवे पडदे उतरवून तिन्ही बाजूंना लावले. आणि त्या खोलीचं ते एकुलतं एक दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं आणि दोन पिंपांवर आडवं टाकलं. ते आमचं टेबल झालं. कडी तशीच होती त्याला, मी रोज ती हातानं वाजवत बसायचे. दुपारी खाला वरच्या गोणपाटावर तांब्यानं पाणी शिंपडायची, मग आत ओल्या तागाचा वास भरायचा आणि तासभर तरी आपण लातुरात नाही असं वाटायचं. जगातले पुष्कळ कॅफे मी आता बघितलेत, त्यांचे फोटो काढलेत, त्यांच्या खुर्च्यांची मापंसुद्धा घेतलीत. खालाच्या त्या मांडवात कुठं काही चुकलंय असं मला आजही वाटत नाही.

एक चूक मात्र झाली होती, आणि ती दुरुस्त करताना दुसरी झाली.

टेबलाच्या मधोमध पाण्याचा एक पेला काठोकाठ भरलेला असायचा. तो प्यायचा नाही, बघायचा. पाणी थरथरलं की उठायचं. पहिल्याच दुपारी ते थरथरलं. आम्ही किंचाळत उठलो. पडदे पार जमिनीला टेकलेले, जिला तिला पायात पडदा. मंगल त्यात अशी गुरफटली की तोंडावर पडली आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटला. भूकंप वगैरे काही नव्हता. पडलेल्या गावांकडं पत्रे घेऊन निघालेला ट्रक होता. मंगल तोंडावर हात धरून रडत होती, आम्ही दात शोधत होतो, आणि खाला मशीनवरची कात्री घेऊन आली. तिनं सगळे पडदे खालून हातभर कापून टाकले.

"अरे, औरतों का परदा है!" चाचा कळवळले.

"जान पयले, परदा बाद में," खाला म्हणाली आणि उरलेल्या हिरव्या कापडाच्या पिशव्या शिवून आम्हाला एकेक दिली.

त्यावेळी सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार, बाहेर पळताना काही आड येऊ नये. त्या विचारात आम्ही पोरीही होतो, चाचा-खालाही होते. पडदा वर गेला म्हणजे पाय उघडे पडले, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला हिरव्या पडद्याखाली चपलांची एक ओळ दिसायची. चेहरे लपलेले आणि चपला बाजारात मांडल्यासारख्या.

आम्ही मात्र खूश. महिनाभर आम्ही त्या दारावर वह्या पसरून सूत्रं घोटली. दोघींत एक चहा घ्यायचो आणि चार तास बसायचो. ऊठ म्हणून कुणी म्हटलं नाही. कुणी पोरगं पडद्याजवळ घुटमळलं तर चाचा नुसता झारा आपटायचे. खाला मशीनवर बसून आमचं पाठांतर ऐकायची. एकदा मी अडखळले तर मशीन थांबवून म्हणाली, "नक्को, सोडियम पयले बोली थी तू कल. पोटॅशियम बाद में." हसून हसून आमची पोटं दुखली. त्या बाईनं शाळेचं तोंड बघितलं नव्हतं.

माझ्या उजव्या चपलेचा अंगठा त्या वर्षी होळीच्या सुमाराला तुटला होता. अण्णांनी तो दाभणानं शिवून दिला. सुतळीचा जाड टाका, एक आडवा आणि त्यावर उलटा फास. पोत्यांची तोंडं ते तशीच शिवायचे. दुसऱ्या कुणाला तो फास जमत नव्हता. अण्णांनी शिवलेलं पोतं ट्रकवरून फेकलं तरी उसवत नाही, असं सगळी अडत म्हणायची. मैत्रिणी माझ्या पायाकडं बघून हसायच्या. मला लाज वाटायची, पण टाका मजबूत होता आणि चप्पल एकच होती.

मे अर्धा सरला असेल. दुपारचे बारा-साडेबारा. मंगल मला गणित समजावत होती, नव्या तुटक्या दातातून शिट्टी वाजवत. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "एक चा द्या. साखर कमी टाका."

माझ्या हातातला पेन खाली पडला.

अडतीचा माल घेऊन अण्णा ट्रकबरोबर मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, आले होते. मला काही ते ठाऊक नव्हतं. आतून आम्हालाही बाहेरच्यांचे फक्त पाय दिसायचे. मला पडद्याखालून त्यांचे पाय दिसले. भेगाळलेल्या टाचा, धोतराचा काठ, धान्याच्या धुरळ्यानं पांढरी झालेली नखं. ते पाय बाकड्याकडं चालले होते. चालता चालता थांबले. वळले. त्यांची बोटं आमच्याकडं झाली.

मी पाय बाकाखाली ओढून घेतले. उशीर झाला होता. कुठलाही माणूस आपला टाका ओळखतो.

आता पडदा सरकणार, आता माझं नाव घेणार. मंगलनं माझं मनगट घट्ट धरलं. पेल्यातलं पाणी अगदी शांत होतं, तेवढं मात्र मला लख्ख आठवतंय. पाय तिथंच उभे. मग अण्णांचा आवाज आला, मला नाही, चाचांना.

"हे वरचं गोनपाट कुनी शिवलंय?"

"घरवाली ने. मशीन पे."

"मशीनचा टाका पोत्याला टिकत न्हाई. वारं सुटलं की उसवंल, अन् आतल्या लेकरांच्या डोक्यावर ईल. काईतरी हुबं ऱ्हायला द्या."

चाचांनी पिंप दिलं. अण्णांच्या टोपीत दाभण कायम खोचलेलं असायचं आणि खिशात सुतळी. ते पिंपावर चढले आणि शिवायला लागले. आम्ही खाली, ते वर, मधे तागाचं एक कापड. आमच्या डोक्यावर दाभणाचं टोक आत यायचं, दिसायचं आणि परत बाहेर जायचं. तागाची कुसं वहीवर पडत होती. गोणपाटावर त्यांची सावली हळूहळू सरकत होती. आम्ही आठ जणी माना वर करून बसलो होतो. तासभर तरी गेला असेल. खालानं चहा पुढं केला तर म्हणाले, "मला नको. आत द्या." मग खाली उतरले आणि निघून गेले. पडद्याकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही. मला फक्त पाय जाताना दिसले.

ते गेल्यावर मी वह्या आवरल्या आणि खालानं दिलेल्या हिरव्या पिशवीसकट मंगलच्या हातात दिल्या.

"ठेव तुला. मी उद्या येणार नाही."

"येडी हायस का!"

"आमच्या ताईचं काय झालं ते तुला माहीत आहे."

मंगल इतकी रडली की मलाच तिची समजूत घालावी लागली. तीनच्या तासाला सर काय शिकवत होते त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मी फक्त फळा बघून घेत होते, शेवटचा म्हणून.

"मग दुसऱ्या दिशी आलीस कशी गं?" चिआंग माईच्या त्या कॅफेत मंगलनं मला विचारलं. "मी वह्या घेऊन बसले हुते, अन् तू आपली हसत हसत आलीस. इचारलं तर म्हनलीस, कुनी काई बोललं न्हाई."

"नाहीच बोललं."

"खोटं नको बोलू."

मी मुद्दाम कॉफी घोट घोट प्यायले. खरं म्हणजे त्या कॅफेची मी परीक्षा घेत होते, मी प्रत्येक कॅफेची घेते. एकाच कपावर किती वेळ बसू देतात ते बघायचं. त्याआधीच्या दिवशी बघितलेला एक कॅफे पांढऱ्या काँक्रीटचा, ऑपरेशन थिएटरसारखा, तिथं पाऊण तासात पोरगी येऊन मेज पुसायला लागली. नापास. इथली मालकीण दोन तासांत दोनदा आली, दोन्ही वेळा पाणी भरून गेली. कोपऱ्यातल्या मुलीच्या कपातली कॉफी तर केव्हाच संपली होती, आणि तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. तिच्या चपला बाहेर ओळीत होत्या, उघड्यावर, कुणाच्याही नजरेला पडतील अशा. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला त्या पोरीचा हेवा वाटला आणि लगेच आनंदही झाला.

आमच्या ट्यूशन एरियात आता पावलापावलाला कॅफे आहेत. प्लॅस्टिकच्या वेली, भिंतीवर फोटोसाठी रंगवलेले पंख, टांगलेले झोपाळे. माझा जीव जळतो, मी तोंडावर बोलतेही. पण पोरी तिथं रस्त्याकडं तोंड करून एकट्या बसतात, पाय पसरून बसतात. ते दिसलं की वेलींचा राग ओसरतो. मी डॉक्टर झाले नाही. मार्क थोडक्यात हुकले, आणि खरं सांगायचं तर मला खालाचा मांडव शरीरशास्त्रापेक्षा जास्त आठवायचा. झालं ते बरंच झालं. आजही मी पडदा कापते तो हातभर आखूड. गिऱ्हाईक म्हणतं, मॅडम, माप चुकलंय. मी म्हणते, माप बरोबर आहे, तुमची नजर लांब पडद्याला सोकावली आहे. आणि प्रत्येक जागेला बाहेर पडायच्या दोन वाटा ठेवते. दुसरी वाट द्यायला जो मालक नाही म्हणतो, त्याचं काम मी घेत नाही.

तिथूनच मी मुरुडला फोन लावला, तोंड दिसणारा. अण्णा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. पडद्यावर आधी त्यांचं कपाळच दिसलं, मग भाच्यानं फोन खाली केला.

"कुटं हायस?"

"हाटेलात बसलेय, अण्णा," मी म्हणाले. मंगल तोंडात पदर कोंबून हसायला लागली. म्हणजे पदर नव्हता, ओढणी होती.

मी फोन फिरवून त्यांना झडपा दाखवल्या, चटया दाखवल्या. "झाक हाय," ते म्हणाले. "भाईर पडायला वाट हाय का नीट?"

"आहे. अण्णा, तुम्ही चाचांच्या हॉटेलाचं गोणपाट शिवलं होतं, आठवतंय का? आणि माझी ती चप्पल?"

"कुटली चपल?" अण्णा म्हणाले. "मला न्हाई आटवत. इतकी पोती शिवली, काय काय ध्यानात ठिवू?" आणि फोन भाच्याकडं दिला.

त्यांना आठवतंय. फोन देताना ते हसले ते मी बघितलं.

मग मी मंगलला सांगितलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा अण्णा अंगणात बसले होते. जेवले. आईला काही माहीत नव्हतं, ती आपली तूर, पाऊस, गावातली लग्नं असलं काहीबाही बोलत राहिली. मी वाट बघत होते, की आता बोलतील. नाही बोलले. सकाळी मी उठले, आवरलं, डबा घेतला. जायचं तर कुणी म्हटलं नव्हतं, पण नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. उंबऱ्याशी आले आणि चपलेत पाय घातला. अंगठ्याला सुतळी लागली नाही.

खाली वाकून बघितलं. अण्णांचा टाका उसवलेला होता. त्या जागी काळा दोरा होता, बारीक, दुपदरी, चांभार घालतात तसा साधा टाका. कुणाच्याही चपलेला असतो तसला. अण्णांच्या हाताचा आहे असं कुणी सांगितलं तरी पटलं नसतं.

मी वर बघितलं. अण्णा बाजूला उभे राहून टोपीत दाभण खोचत होते.

"मुरुडची चार मानसं रोज लातूरला जात्यात," ते म्हणाले. "माझा टाका सगळ्यांना ठावं हाय. आता कुनाला वळखू येनार न्हाई." आणि मी तिथंच उभी आहे हे बघून खेकसले, "जा की! गाडी चुकंल."

मी एसटी स्टँडपर्यंत पळत गेले. गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि लातूर येईपर्यंत मी दोन्ही पाय पुढं ताणून, साऱ्या गाडीला दिसतील असे ठेवले.